स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की हात धजत नाही... तुमचं पण असं होतं का?

सांगलीची_पोर
९ जून २०२४, रात्री ११:४८

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते, हसू नका. वय ४६, सरकारी बँकेत क्लार्क, राहायला डोंबिवली, नवरा खाजगी कंपनीत, लेक यंदा बारावीला. घराचं कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं. म्हणजे खायची-प्यायची ददात नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच यायचा.

लहानपणी सांगलीत नऊ वर्षांची असल्यापासून गाणं शिकले, लग्न झालं आणि ते सुटलं. तीन वर्षांपूर्वी इथल्या एका बाईंकडे परत सुरू केलं. रियाज मोबाईलवरच्या तानपुऱ्यावर. बाई म्हणाल्या, आता स्वतःचा तानपुरा घे, कान तयार होतो. मिरजेला एका कारागिरांना फोन केला, लेडीज तानपुरा ३२ हजार. म्हणाले, "ताई, पाच हजार टाका, चांगला भोपळा निवडून बाजूला ठेवतो."

हा फोन झाला जानेवारीत. आज जून.

मार्चमध्ये आमचा १२ वा वेतन करार झाला, नोव्हेंबर २०२२ पासूनचे एरिअर्स मिळाले. त्यात लेकीला लॅपटॉप घेतला, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं (चांगली भिंग घातली, महागातली, एक मिनिट विचार केला नाही), नवीन फ्रिज आला, उरलेल्याची एफडी. तानपुऱ्याची वेळ आली की मात्र पोटात गोळा. परवा रात्री शेवटी बसले, पाच हजार टाकले, पिन टाकायचा तो पडदा समोर आला, आणि मी मोबाईल उपडा ठेवून उठले आणि फ्रिजमधले डबे काढून पुसायला लागले. रात्रीचे साडेबारा. कोथिंबिरीच्या डब्यात खाली कागद बदलला. परत येऊन बघितलं तर व्यवहार रद्द झालेला, आणि खरं सांगू, इतकं हलकं वाटलं की नंतर त्याचीच लाज वाटली.

आमच्या आईचं एक वाक्य आहे, "आत्ता काय नडलंय?" नवी चप्पल, सहलीचे पैसे, केसाला क्लिप, कशालाही हेच. ओरडायची नाही, शांतपणे विचारायची, आणि खरंच काही नडलेलं नसायचं त्यामुळे उत्तर नसायचं. आता आई ७४ वर्षांची सांगलीत बसलीय आणि ते वाक्य माझ्या डोक्यात भाड्याने राहतंय.

असं कोणाचं होतं का? आणि होत असेल तर काय करता?

आमसूल
१० जून, सकाळी ७:१०

अगं माझंच लिहिलंयस की काय असं वाटलं. मी मागच्या महिन्यात २२०० ची सँडल घेतली, टाच दुखते म्हणून डॉक्टरांनीच सांगितलेली, तरी घरी येताना खोकं दुकानातच टाकून आले आणि नवऱ्याला सांगितलं सेलमधे ७०० ला मिळाली. त्यानं विचारलं पण नव्हतं!! वर तो म्हणाला मग दोन जोड घ्यायचेस ना. आता काय सांगू कपाळ.

निवांत_पाटील
१० जून, सकाळी ९:३२

राग मानू नका पण हे श्रीमंतांचं दुखणं आहे. मोबाईलवर फुकट तानपुरा वाजतोय, सूर बरोबर आहे, तार तुटत नाही, जागा अडत नाही. मग ३२ हजार कशाला? तुमचं मन बरोबर सांगतंय, तुम्हीच त्याला आजारी ठरवताय. आपल्या आधीची पिढी मूर्ख नव्हती. हल्ली हौस नाही केली तर माणूस स्वतःवर प्रेम करत नाही म्हणे. चालू द्या.

आमसूल
१० जून, सकाळी ९:४१

पाटील, तुमच्या बुलेटला किती पडले हो?

निवांत_पाटील
१० जून, सकाळी ९:५०

ती गरज आहे 😀

एक्सेलभाऊ
१० जून, दुपारी १:१५

ताई, सोपं करून सांगतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का? मेडिक्लेम आहे का? लेकीच्या शिक्षणाची तरतूद आहे का? तिन्हीला हो असेल तर पुढे वाचा. तानपुरा नीट ठेवला तर वीस वर्षं सहज जातो. ३२ हजार भागिले वीस म्हणजे वर्षाला १६००, महिन्याला १३३. तेवढ्याचे आपण वडापाव खातो. दुसरं, मी 'हौस' नावाचं वेगळं खातं उघडलंय, पगार झाला की दीड हजार आपोआप तिकडे जातात. त्यातून काय घेतो याचा हिशोब द्यायचा नाही, बायकोनं नाही, मी नाही. त्यातून मागच्या वर्षी दुर्बीण घेतली आणि भिगवणला रोहित पक्षी बघून आलो.

सांगलीची_पोर
१० जून, रात्री १०:२०

भाऊ, तिन्हीला हो. हिशोब मला येतो हो, दिवसभर दुसऱ्यांचे तेच करते. वर्षाला १६०० हे मी पण काढलं होतं, लेकीच्या रफ वहीच्या मागे लिहिलेलं आहे. तरी पिन टाकताना वर्षाला १६०० दिसत नाहीत, ३२ हजारच दिसतात.

पाटील, राग नाही आला. पण एक सांगते. मागच्या दिवाळीत मी ४० हजारांची कानातली घेतली, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, काउंटरवर दहा मिनिटांत. छातीत धडधड नाही, पोटात गोळा नाही. का, तर सोनं. सोनं 'मोडता येतं'. कोणी विचारलं काय नडलंय तर उत्तर तयार, उद्या लेकीला होतील. म्हणजे माझ्या कानात घालायची वस्तू पण लेकीच्या नावावर घेतली तर चालते. तानपुरा कोणाच्या नावावर घेऊ? लेक गात नाही, नवरा गात नाही, मोडून काही येणार नाही. तो फक्त मला पाहिजे म्हणून पाहिजे. माझा गोळा तिथे येतोय असं आज दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या कळलं.

आणि नवऱ्याला विचारलं का म्हणून दोघींनी निरोप पाठवलेत. विचारलं. तो म्हणाला, "घे की, त्यात काय एवढं." त्यानं उलट जास्तच त्रास झाला. तो नको म्हणाला असता तर भांडून घेतला असता बहुतेक.

शेवंता_ऑस्टिन
१० जून, रात्री ११:०५ (आमच्याकडे दुपार)

ते शेवटचं वाक्य 😂 अगदी अगदी.

मी इथे अठरा वर्षं आहे आणि अजून मनात गुणिले करते. आल्या वर्षी ४५ नी करायचे आता ८३ नी करते म्हणजे माझी कॉफी दर वर्षी आपोआप महाग होते. पाच डॉलरची कॉफी, म्हणजे चारशे पंधरा रुपये, म्हणजे आमच्या साताऱ्यात चौघांचा नाश्ता. पगार पण गुणिले करावा हे मात्र सुचत नाही! माझी मुलं हसतात. मागे मला कुंभारकामाच्या वर्गाला जायचं होतं, आठ रविवार, फी बघितली आणि टॅब बंद केली, मग मुलीनं वाढदिवसाला भेट म्हणून तोच वर्ग दिला. माझ्याच कार्डवरून. तेव्हा मात्र आनंदानं गेले. म्हणजे पैसे माझेच गेले, फक्त मधे एक माणूस पाहिजे होता 'घे' म्हणायला. तुझ्या नवऱ्यानं तेच केलं तर तुला चाललं नाही, इथे आपलं वेगळं दिसतंय.

गिरणगावकर
११ जून, दुपारी ३:४०

मी सहसा वाचनमात्र असतो पण "आत्ता काय नडलंय" वाचून लिहावंसं वाटलं.

आमचे वडील परळच्या एका गिरणीत विणखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. सगळ्यांना वाटलेलं महिना दोन महिने. पहिले दोन महिने घरात सुट्टीसारखं वातावरण होतं, वडील आम्हाला राणीच्या बागेत घेऊन गेले, मला आठवतंय तिथे त्यांनी आम्हा तिघा भावंडांना एकेक कुल्फी घेऊन दिली. नंतर कित्येक वर्षं आई त्या कुल्फ्यांचा हिशोब काढायची. तेव्हा तीन रुपये होते ते उडवले म्हणून. पुढे आईचं मंगळसूत्र गेलं, भांडी गेली, वडील गावी गेले शेतावर, परत आले ते वॉचमन म्हणून. तो संप कधी मिटला असं झालंच नाही, नुसता विरत गेला.

आता मी ५३ चा आहे. मुलगा नोकरीला आहे, दोघांचे पगार येतात. पण हॉटेलात गेलो की मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचतो. मुलगा म्हणतो बाबा एकदा डावीकडून वाचा. मला ते जमत नाही. माझ्या डोक्यात कुठेतरी असं बसलंय की आनंदात पैसे खर्च केले की लगेच मागून काहीतरी येतं. कुल्फी खाल्ली म्हणून गिरणी बंद पडली असं कोणी म्हणत नाही, पण अकरा वर्षाच्या पोराच्या डोक्यात ते तसंच जोडलं गेलं.

पाटील, आधीची पिढी मूर्ख नव्हती हे खरं. आमची आई तर अजिबात नव्हती. पण तिचा जानेवारी वेगळा होता, ताईंचा वेगळा आहे.

निवांत_पाटील
११ जून, संध्या. ६:०२

काका _/\_

कोपऱ्यातली_खुर्ची
११ जून, रात्री ९:२५

संप नको, आमच्या घरी एक पतसंस्था पुरली. वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे, व्याज दोन टक्के जास्त म्हणून ठेवले, पुढच्या वर्षी शटर खाली. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो (२०२० च्या आधी एकच लाख होता), पतसंस्थेला तो नसतो, हे आम्हाला पैसे अडकल्यावर कळलं. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला माहीतच असेल. माझा प्रॉब्लेम मात्र उलटा झाला. साठवलेलं गेलं म्हणून मी हातात आलं की उडवायला लागले. दोन वर्षांत कपाटात एकवीस कुर्ते, त्यातल्या सातांची लेबलं अजून तशीच. म्हणजे भीती तीच, फक्त ती दुसऱ्या दारानं बाहेर पडली. त्यामुळे "बिनधास्त खर्च कर गं" असा सल्ला मी देणार नाही.

जिरेपूड
१२ जून, सकाळी ८:१५

वाचनीय धागा! थोडं अभ्यासाचं टाकते, कंटाळा आला तर सोडून द्या. यावर संशोधन झालंय. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाईन यांचा २००८ चा पेपर आहे. १३ हजारांहून जास्त लोकांना प्रश्न विचारले. त्यांचं म्हणणं असं की काटकसरी माणूस आणि हात न सुटणारा माणूस हे दोन वेगळे प्राणी आहेत. काटकसरी माणसाला वाचवण्यात मजा येते. दुसऱ्याला वाचवण्यात मजा येत नाही, त्याला पैसे देताना दुखतं, म्हणून तो कमी खर्च करतो, आणि नंतर घेतलं नाही म्हणून चुटपुटतो. आणि उधळ्यांपेक्षा ही दुखणारी मंडळी त्यांना जास्त सापडली.

एक गंमत. लोकांना विचारलं की डीव्हीडी लवकर घरपोच हव्या असतील तर पाच डॉलर द्याल का. मग काहींना तेच 'छोटीशी पाच डॉलर फी' असं विचारलं. उधळ्यांना काही फरक पडला नाही, पण या दुखणाऱ्यांपैकी बरेच जण नुसत्या 'छोटीशी' शब्दावर तयार झाले. म्हणजे आमसूलनी नवऱ्याला ७०० सांगितले ते खरं तर स्वतःलाच सांगितले. रोख देताना जास्त दुखतं, कार्डानं कमी, हे पण याच मंडळींच्या कामात येतं. आणि एक्सेलभाऊंचं 'हौस' खातं म्हणजे रिचर्ड थेलर ज्याला मनातले कप्पे म्हणतो तेच, त्याला २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या आज्या तांदळाच्या डब्यात, डाळीच्या डब्यात वेगवेगळे पैसे ठेवायच्या, त्यांना कोणी काही दिलं नाही.

सांगलीची_पोर, तू काटकसरी नाहीस. तू दुखणारी आहेस.

सांगलीची_पोर
१२ जून, रात्री ११:३०

जिरेपूड, हे वाचून मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग छोटासा तानपुरा घे."

वऱ्हाडी_ठेचा
१३ जून, सकाळी ६:५०

सगळ्यांचं वाचलं. थोडं वेगळं बोलतो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, जि. प. शाळेत मास्तर. घरी कपाशी. आमच्या घरी पैसा महिन्याला येत नव्हता, वर्षातून एकदा यायचा, कापूस निघाला की. त्या पंधरा दिवसात सगळं घ्यायचं, कपडे, चप्पल, आईची साडी, सावकाराचं, दुकानदाराचं. त्यानंतर वर्षभर काही मागायचं नाही, मागितलं तरी भेटणार नाही हे लेकराले बी ठाऊक. त्यामुळं आमच्यात मन खाणं वगैरे नव्हतं, होतं तवा होतं नव्हतं तवा नव्हतं. मले पहिला पगार झाला तवा काय करावं समजेना, दर महिन्याला कापूस निघाल्यावानी वाटे.

आता माझं असं होते की मी स्वतःसाठी घेतो, मले हौस आहे, कॅमेरा घेतला, पण घेतल्यावर गावाकडं नेत नाही. बापाच्या अंगावर बनियन फाटकं असते (नवीन आणून दिलं तर पेटीत ठेवते), अन् मी गळ्यात कॅमेरा घालून कसा जाऊ. बापानं कधी काही म्हटलं नाही. एकदा कॅमेरा दिसला तर म्हणे, "याच्यानं माह्या गोऱ्ह्याचा फोटो निघते का?" काढला मग त्याचा फोटो. फ्रेम करून लावलाय भिंतीवर, बापाचा एकबी फोटो भिंतीवर नाही, गोऱ्ह्याचा आहे.

सल्ला काही नाही.

आमसूल
१३ जून, सकाळी ७:०५

ठेचा भाऊ, गोऱ्ह्याचा फोटो टाका इथे!

तारदान
१४ जून, दुपारी १२:३०

नमस्कार. मी मूळचा मिरजेचा, घरात हा व्यवसाय नाही पण शेजार सगळा सतारमेकर गल्लीचा. मानसशास्त्र मला कळत नाही, वस्तूबद्दल बोलतो, कारण इथे तानपुरा म्हणजे नुसता ३२ हजारांचा आकडा होऊन बसलाय.

मिरजेत तंतुवाद्यं करायला लागून दीडशे वर्षांच्या वर झाली. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी या कामात आली. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू असतो, जाड सालीचा, वेलावरच वाळवतात. तुंब्याला बसेल असा गोल, जाड आणि न तडकलेला भोपळा शंभरात थोडेच निघतात. म्हणून ते म्हणाले बाजूला ठेवतो. वरचं लाकूड तुणीचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन पण मिळालं. पण मुलं या धंद्यात किती राहतात ते गल्लीत जाऊन बघा.

आता मोबाईलवरचा तानपुरा. सूर त्याचा शुद्धच असतो, त्यात वाद नाही, मी पण प्रवासात वापरतो. फरक असा की तो तुमच्यासाठी वाजतो. खरा तुम्हाला लावावा लागतो. चार तारा, पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची पितळेची. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो केसभर पुढेमागे सरकवला की आवाज एकदम उघडतो, झुणझुण सुरू होते. ती जागा रोज वेगळी असते. ती शोधण्यात पंधरा मिनिटं जातात, आणि त्या पंधरा मिनिटात कान तयार होतो, गाण्याच्या आधीच. तुमच्या बाई हेच म्हणत असणार.

एक व्यवहाराचं. आत्ता घेऊ नका. पावसाळ्यात खुंट्या फुगतात, एकतर फिरत नाहीत नाहीतर सुटतात. ऑर्डर आत्ता द्या, उचला पाऊस ओसरल्यावर. आणि फोनवर घेऊ नका, गल्लीत जाऊन मांडीवर घेऊन बसा. दोन एकसारखे दिसणारे तानपुरे एकसारखे बोलत नाहीत.

निवांत_पाटील
१४ जून, दुपारी १:१०

हे आधी सांगायचं ना राव. मी फुकटचं म्हणालो ते मागे घेतो, अर्धं. बाकी मत कायम.

ओपीडी_नंतर
१४ जून, रात्री ८:४५

एवढंच नोंदवते, कारण असे लोक रोज बघते. तानपुऱ्याला पाच महिने लागले यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कोणाला औषध, चष्मा, दातांचं काम यालाही हात धजत नसेल, एखाद्या खर्चानंतर रात्र रात्र झोप लागत नसेल, बँकेचं शिल्लक दिवसातून दहादा बघावं लागत असेल तर तो काटकसरीचा गुण म्हणून अंगावर काढू नका. जवळ कोणी नसेल तर मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलीमानस नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. फुकट आहे हे मुद्दाम सांगितलं, या धाग्यावर उपयोगी पडेल.

सांगलीची_पोर
१५ जून, सकाळी ६:१५

तारदान, तुमचं तीनदा वाचलं. आज सकाळी पाच हजार टाकले. दात ओठ खाऊन. पिन टाकताना डोळे मिटले नव्हते, पण जवळपास तसंच. नंतर फ्रिज पुसला नाही.

(पुसण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.)

शेवंता_ऑस्टिन
१५ जून, सकाळी ७:००

हुर्रे!! फोटो पाहिजे.

एक्सेलभाऊ
२ सप्टेंबर, दुपारी २:३०

ताई, धागा वर काढतोय. तानपुऱ्याचं काय झालं?

सांगलीची_पोर
२१ ऑक्टोबर, रात्री १०:५५

सॉरी सॉरी, फार उशीर. आणला. आठवडा झाला आणून. सविस्तर लिहिते, तुम्ही सगळ्यांनी इतकं सोसलंत.

सप्टेंबरात एकदा रद्द करायला फोन केला होता, ते पण सांगून टाकते. लेकीच्या क्लासची शेवटची फी भरली त्या दिवशी. कारागिरांनी उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ताई, तुमच्या भोपळ्याला रंग लागला बरं का." त्यावर मी म्हटलं, बरं बरं, सहजच केला होता.

आईकडे सांगलीला गेले होते, तिथून शनिवारी मिरजेला. एकटीच गेले. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूला भोपळेच भोपळे, पोटमाळ्यावर टांगलेले, ओट्यावर अर्धे कापलेले, एका घरात पंख्याखाली नुसत्या तुणीच्या दांड्या उभ्या. जेमतेम दहा बाय बाराची खोली. माझा तानपुरा कोपऱ्यात उभा होता आणि मला तो माझा आहे हे कळलं नाही, मी भलत्याच तानपुऱ्याकडे बघत होते.

त्यांनी मांडीवर घेतला, वयस्कर आहेत, बोटांना पॉलिशचा लाल रंग कायमचा. घोडी कानशीनं अगदी हलकी, दोनचार हात, परत तार छेडली, मान हलवली, परत दोन हात. मग दोरा सरकवला. तारदान, तुम्ही लिहिलं होतं उघडतो म्हणून, पण मी तयार नव्हते. आधी नुसतं टणटण होतं आणि मग दोरा एवढासा हलला आणि त्या खोलीत कोणीतरी अजून आल्यासारखं झालं. माझ्या लहानपणीच्या बाईंच्या सांगलीच्या माडीवरचा आवाज. मी नऊ वर्षांची आणि परकराला शाई लागलेली, थेट तिथेच.

पैसे मी रोख नेले होते, मुद्दाम. जिरेपूड म्हणाली होती ना रोख जास्त दुखतं, म्हटलं एकदाच काय ते दुखू दे, हप्त्याहप्त्यानं नको. सत्तावीस हजार, पाचशेच्या चोपन्न नोटा. दोनदा मोजल्या, बँकेतली सवय. धस्स झालं नाही असं नाही, झालं. त्यांनी बघितल्या पण नाहीत, तारांची वेटोळी असलेल्या खणात टाकल्या आणि खण ढकलला, तो अर्धाच बंद झाला. चहा आला. मी अर्ध्या उघड्या खणाकडे बघत चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी कोयना एक्सप्रेसनं परत. खिडकीची जागा तानपुऱ्याला, मी मधे. समोरच्या काकू म्हणाल्या, लेकीचा का? तोंडात "हो" आलेलं होतं. म्हटलं, नाही, माझा. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, त्यांनी भडंगाची पुडी पुढे केली.

आईला किंमत बारा हजार सांगितली. आमसूल, हसू नकोस. तरी ती म्हणालीच, "तेवढ्यात दीड ग्रॅम सोनं आलं असतं." मग बराच वेळ गप्प बसून तारेला बोट लावून बघितलं तिनं, एकदाच, आणि पदराला हात पुसला.

रोज सकाळी सव्वापाचला उठून लावते. अजून पंधरा नाही, चाळीस मिनिटं लागतात. नवरा म्हणतो मोबाईलचा बरा होता, लगेच सुरू व्हायचा. पोटातला गोळा गेला का? पूर्ण नाही. काल लाईट बिल जास्त आलं तर पहिली नजर तानपुऱ्याकडेच गेली.

गिरणगावकर
२२ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

वाचून बरं वाटलं. गेल्या रविवारी मुलानं मेनूकार्डाची उजवी बाजू हातानं झाकून धरली. मी बिर्याणी मागवली. आकडा नंतर बघितला, तो सांगत नाही.

तारदान
२२ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

अभिनंदन. रियाज झाला की तारा थोड्या उतरवून ठेवत जा आणि भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, आडवा ठेवा. आणि जाड कापडाची खोळ शिवून घ्या लगेच, मुंबईकडची हवा दमट.

सांगलीची_पोर
२२ ऑक्टोबर, रात्री ११:१२

तेच विचारणार होते. खोळीला घरात दोन जुन्या चादरी आहेत, त्यातली एक कापू का? बाजारात जाड कॉटन बघितलं, मरून रंगाचं, फार सुंदर होतं, पण मीटरला १८० म्हणतोय आणि तीन मीटर लागेल. चादर पण तशी बरी आहे, एका कोपऱ्यात फक्त विरलीय.

आमसूल
२२ ऑक्टोबर, रात्री ११:१४

मरून घे गं बाई!!!

निवांत_पाटील
२२ ऑक्टोबर, रात्री ११:३०

चादर चालेल.